लिटरभर पेट्रोलचा जमाखर्च

दोन-तीन माणसे दुचाकी उभ्या करून चहाच्या टपरीवर एकत्र आली की बोलणे हमखास एका प्रश्नावर येते : ‘तुमची गाडी ॲव्हरेज किती देते?’ एक जण म्हणतो साठ. दुसरा म्हणतो पासष्ट. आणि ज्याने गाडी गेल्याच महिन्यात घेतलेली असते तो ऐंशीच्या खाली उतरायला तयार नसतो. मग कोणी मेस्त्रीला दोष देतो, कोणी पंपाला, कोणी नव्या पेट्रोलला. एवढे सगळे होते, पण एक साधा प्रश्न कोणी विचारत नाही. गाडीत घातलेले ते लिटरभर पेट्रोल जाते तरी कुठे?

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांचे वय अजून गाडी चालवण्याच्या परवान्याचे नाही. पण तुमच्या घरात दुचाकी असणारच, आणि दर महिन्याला पेट्रोलचा खर्च तुमच्या वह्या-पुस्तकांच्या खर्चाशेजारी येऊन बसत असणार. सातारा आणि सांगली ह्या दोन जिल्ह्यांत रोज सकाळी हजारो माणसे दुचाकीवरून कामाला निघतात. कोणी तासगावहून कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत येतो, कोणी उंब्रजहून कऱ्हाडला, कोणी सांगलीहून मिरजेच्या एखाद्या दवाखान्यात. रोज जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर आणि महिन्याला कामाचे पंचवीस दिवस धरले तर साडेबाराशे किलोमीटर होतात. ह्या प्रवासाचा हिशेब आठवी-नववीच्या पदार्थविज्ञानाने मांडता येतो. तोच आज मांडू या.

प्रथम एक गंमत पाहा. न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणे एकदा गती मिळालेली वस्तू बाहेरचे बल लागेपर्यंत त्याच वेगाने सरळ रेषेत जात राहते. म्हणजे सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने चाललेल्या मोटारसायकलला तत्त्वतः पेट्रोल लागायलाच नको! तरी ते लागते, कारण रस्ता आणि हवा तिला सतत मागे खेचत असतात. पुस्तकातल्या उदाहरणांत आपण सवयीने ‘घर्षण नगण्य माना’ असे लिहितो. पंपावर मात्र आपण पैसे देतो ते नेमके ह्या ‘नगण्य’ गोष्टीचे.

हा रोध किती, ते काढू. समजा गाडीचे वस्तुमान ११२ किलोग्रॅम आहे आणि चालवणाऱ्याचे ६८, म्हणजे मिळून १८०. ह्याचे वजन सुमारे १७६० न्यूटन होते. चाक लोळताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग दबतो आणि पुन्हा फुगतो. दबताना जेवढी ऊर्जा रबर घेते तेवढी फुगताना परत देत नाही. राहिलेल्या ऊर्जेची उष्णता होते, म्हणूनच लांबच्या प्रवासानंतर टायरला हात लावला तर तो गरम लागतो. चांगल्या डांबरी रस्त्यावर, टायरमध्ये हवा व्यवस्थित असताना, हा रोध वजनाच्या साधारण दीड टक्का असतो. आपल्या गाडीसाठी तो सुमारे २६ न्यूटन येतो. वेग वाढला म्हणून त्यात फारसा फरक पडत नाही.

दुसरा रोध हवेचा, आणि खरी मेख इथे आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. असे का, ते समजायला फार गणित लागत नाही. वेग दुप्पट केला की एका सेकंदात दुप्पट हवा बाजूला सारावी लागते, आणि ती सारायची तीही दुप्पट वेगाने. दोन दुणे चार. ताठ बसलेला माणूस आणि गाडी ह्यांचा आकार, आपल्याकडच्या हवेची घनता, हे सर्व धरले तर हा रोध न्यूटनमध्ये सुमारे ०.२७५ गुणिले वेगाचा वर्ग एवढा येतो. वेग मीटर-प्रतिसेकंदात घ्यायचा. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर, तेव्हा रोध ३४ न्यूटन. ताशी ६० ला तो ७६ होतो आणि ताशी ८० ला १३६. टायरचे २६ न्यूटन त्यात मिळवले की एकूण रोध अनुक्रमे ६०, सुमारे १०३ आणि १६२ न्यूटन. एक न्यूटन बलाविरुद्ध एक किलोमीटर जायला एक किलोज्यूल ऊर्जा लागते. तेव्हा हेच आकडे ‘दर किलोमीटरला इतके किलोज्यूल’ असेही वाचता येतील. हे शेवटचे वाक्य वहीत लिहून ठेवा, पुढे सगळीकडे उपयोगी पडेल.

आता जमेची बाजू. एक लिटर शुद्ध पेट्रोल जाळले तर सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते. पण आज आपल्या पंपावर मिळते ते शुद्ध पेट्रोल नव्हे. २०२५ साली देशाने पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य गाठले. त्यातले बरेच इथेनॉल उसापासून होते, आणि आपल्या कृष्णाकाठाला ऊस काय असतो ते सांगायची गरज नाही. इथेनॉलच्या लिटरमध्ये मात्र सुमारे २१ मेगाज्यूलच असतात. म्हणून मिश्रणाच्या लिटरमध्ये ३२ चे चार पंचमांश आणि २१ चा एक पंचमांश मिळून जवळजवळ ३० मेगाज्यूल येतात. म्हणजे सुमारे सात टक्के कमी. ‘नव्या पेट्रोलने ॲव्हरेज उतरले’ ही तक्रार सध्या गावोगाव ऐकू येते. तिच्यात तथ्य आहे, पण ते एवढ्या आकाराचे आहे. कोणी पंचवीस टक्क्यांची घट सांगू लागला तर बाकीची घट टायरमध्ये, चेनमध्ये किंवा त्याच्या उजव्या मनगटात शोधावी.

तीस मेगाज्यूल म्हणजे तीस हजार किलोज्यूल. ताशी ६० किलोमीटरने एक किलोमीटर जायला १०३ किलोज्यूल लागतात, तर एका लिटरमध्ये गाडी २९० किलोमीटर जायला हवी! तुम्ही हसाल. पण भागाकार बरोबर आहे, चुकला आहे तो एक गृहीत धरलेला मुद्दा. इंधनातली सगळी ऊर्जा चाकापर्यंत पोहोचते, असे आपण धरले.

इंजिन हे उष्णतेवर चालणारे यंत्र आहे. सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा ह्यांचे मिश्रण दाबले जाते, ठिणगी पडते, वायू तापून प्रसरण पावतो आणि दट्ट्याला ढकलतो. ढकलण्याचे काम झाल्यावरही तो वायू पुष्कळ गरम असतो आणि तसाच सायलेन्सरमधून बाहेर जातो. सिलिंडरच्या भिंतीही तापतात. त्या वितळू नयेत म्हणून तर त्यांच्यावर पातळ पंखांसारख्या पट्ट्या ओतलेल्या असतात, त्या वाऱ्याला उष्णता देतात. शिवाय दट्ट्या, झडपा, गिअर आणि चेन ह्यांचे घर्षण आहेच. उष्णतेवर चालणारे कोणतेही यंत्र सगळी उष्णता कामात बदलू शकत नाही, हे सादी कार्नो ह्या फ्रेंच अभियंत्याने १८२४ सालीच दाखवून दिले. पेट्रोल इंजिन मुळात १८२४ मध्ये नव्हतेच. चार धक्क्यांचे यशस्वी इंजिन निकोलाउस ओटो ह्या जर्मन गृहस्थाने १८७६ मध्ये केले. तरीही कार्नोचा कायदा त्याला लागू झाला, आणि तुमच्या घरच्या गाडीलाही लागू आहे.

रोजच्या वापरात लहान मोटारसायकलच्या चाकापर्यंत इंधनातल्या ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्सा पोहोचतो, असे धरणे वाजवी ठरेल. तीस मेगाज्यूलपैकी सहा. सहा हजार किलोज्यूलला १०३ ने भागा : एका लिटरमध्ये सुमारे ५८ किलोमीटर. टपरीवरच्या पहिल्या माणसाचा आकडा आपल्याला कागदावर मिळाला.

हाच हिशेब रुपयांत मांडू. सोयीसाठी लिटरला १०५ रुपये धरतो, तुम्ही तुमच्या पंपावरचा त्या दिवशीचा भाव घाला. ह्या १०५ रुपयांपैकी ८४ रुपये धुराबरोबर, गरम पट्ट्यांवरून आणि आतल्या घर्षणात उष्णता होऊन जातात. चाकापर्यंत येतात अवघे २१ रुपये. ताशी ६० च्या वेगाला त्यांतले सुमारे साडेपंधरा रुपये हवा बाजूला सारण्यात खर्च होतात आणि साडेपाच रुपये टायर दाबण्यात. आपण पेट्रोल गाडीत घालतो असे समजतो. वास्तविक आपण ते वाऱ्यावर सोडत असतो, आणि ह्या एका ठिकाणी तो वाक्प्रचार शब्दशः खरा आहे.

चौऱ्याऐंशी रुपयांवर चालवणाऱ्याचा हात फारसा पोहोचत नाही. ते काम इंजिन करणाऱ्यांचे, आणि त्यांनी ते केलेही आहे. तुमच्या आजोबांना विचारा. राजदूत, येझ्दी, बजाजची स्कूटर, १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक कंपनीने आणलेली लुना, ही सगळी दोन धक्क्यांच्या इंजिनाची वाहने होती. पंपावर पेट्रोलमध्ये मापाने ऑइल मिसळून घ्यावे लागे आणि मागे निळसर धूर निघे. त्या इंजिनात जळलेला वायू बाहेर घालवण्याचे काम आत येणारे नवे मिश्रणच करी. ते करताना त्यातला काही भाग न जळताच जळलेल्या वायूबरोबर बाहेर निसटे. लुना हलकी आणि सावकाश चालणारी असल्यामुळे तिला हे खपून गेले. मोठ्या गाड्यांना ते महाग पडत असे.

ह्याच काळात तेलाचे भाव भडकले. ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटले, अरब देशांनी तेलाचा पुरवठा आखडता घेतला, आणि पिंपामागे सुमारे तीन डॉलर असलेला भाव काही महिन्यांत बारा डॉलरच्या आसपास गेला. अमेरिकेने १९७४ साली सर्व देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, वेगमर्यादा घातली. ती अपघातांसाठी नव्हे, तेल वाचवण्यासाठी होती. वर जो वेगाचा वर्ग आपण पाहिला, तोच त्या कायद्याच्या मुळाशी होता. आपल्याकडे इंधनबचतीच्या प्रसारासाठी १९७८ मध्ये पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था निघाली. आणि १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० ही चार धक्क्यांची, शंभर सीसीच्या जरा आतली मोटारसायकल बाजारात आली. तिने लोकांच्या ॲव्हरेजच्या कल्पनाच बदलून टाकल्या. पुढे एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि नव्या गाड्यांमधून कार्ब्युरेटर जाऊन इंधन मोजून फवारणारी यंत्रणा आली. आपला देश आजही लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणतो. म्हणून ही बाब केवळ तुमच्या घरच्या पाकिटापुरती नाही. असो.

आपल्या हातात आहेत ते २१ रुपये. त्यांत सर्वांत मोठी रक्कम हवेची, आणि हवेचा खर्च ठरतो वेगावर. साताऱ्याहून सांगलीला जायचे आहे असे समजा. महामार्गाने उंब्रज, कऱ्हाड, पेठ नाका, तिथून आत वळून आष्ट्यावरून सांगली, एकूण सुमारे १२० किलोमीटर. ताशी ६० ने गेलात तर दोन तास आणि दोन लिटरांहून किंचित जास्त पेट्रोल. ताशी ८० ने गेलात तर दीड तास, पण पेट्रोल सव्वातीन लिटर. अर्धा तास वाचला, त्याला सुमारे सव्वाशे रुपये पडले.

इथे एक दुरुस्ती करायला हवी, नाही तर एखादा चौकस विद्यार्थी मला पकडेल. इंजिनाची कार्यक्षमता सगळ्या वेगांना सारखीच एक पंचमांश असते, असे आपण धरले आहे. प्रत्यक्षात तसे नसते. इंजिनाला स्वतःचे अंग हलवण्याचा एक बांधील खर्च असतो, घरभाड्यासारखा. काम थोडे असो की जास्त, तो द्यावाच लागतो. त्यामुळे वेग वाढून काम वाढले की त्या भाड्याचा वाटा कमी होतो आणि कार्यक्षमता काहीशी सुधारते. उलट फार हळू, खालच्या गिअरमध्ये गुरगुरत चालले की ती घसरते. म्हणून ताशी ८० ला प्रत्यक्षात कागदावरच्या इतकी हानी होत नाही, आणि ताशी ४० ला हिशेबाने शंभर किलोमीटरचे ॲव्हरेज निघत असले तरी तेवढे पदरात पडत नाही. काही गाड्यांच्या स्पीडोमीटरवर ‘इकॉनॉमी’ असा हिरवा पट्टा असतो, तो ह्या दोन ओढींच्या मधला असतो. तरी वरच्या सव्वाशे रुपयांतले निम्मेच खरे धरले, तरी अर्ध्या तासाला साठ रुपये झाले. महिन्याच्या साडेबाराशे किलोमीटरला ताशी ६० ने सुमारे २२६० रुपयांचे पेट्रोल लागते. ताशी ८० ने, ही दुरुस्ती करूनही, सहाशे-साडेसहाशे रुपये जास्त लागतात, आणि रोज वाचतात फक्त बारा-तेरा मिनिटे.

आता एक शंका तुमच्या मनात आली असेल. सातारा उंचावर आहे, सांगली खाली. मग जाताना उताराचा फायदा आणि येताना चढाचा तोटा होत नाही का? प्रश्न चांगला आहे. उतार आहे ह्याची साक्ष कृष्णाच देते. साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णेला भेटून, कऱ्हाडला कोयनेला घेऊन ती सांगलीला आयर्विन पुलाखालून जाते, आणि पाणी चढावर वाहत नाही. साताऱ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७४० मीटर, सांगलीची सुमारे ५५०. फरक १९० मीटर. एवढे वर चढायला १८० किलोग्रॅमच्या गाडीला १८० × ९.८ × १९० म्हणजे सुमारे ३३५ किलोज्यूल लागतात. लिटरला सहा हजारांच्या हिशेबाने ते ५६ मिलिलिटर पेट्रोल झाले. एक कटिंग चहा! १२० किलोमीटरभर पसरलेला हा उतार गाडीला पुढे ढकलतो तो जेमतेम पावणेतीन न्यूटनने. ह्याच्या उलट समोरून ताशी दहा किलोमीटरचा मंद वारा असू द्या, झाडाची पाने तेवढी हलतील. पण ६० च्या वेगाला हवेला आता गाडी ७० ची वाटते, आणि रोध सत्तावीस-अठ्ठावीस न्यूटनने वाढतो. पाने हलवणारी झुळूक नदीच्या साऱ्या उतारापेक्षा दहापट भारी पडते. मला स्वतःला हा निष्कर्ष फार आवडतो, कारण डोळ्यांना दिसते ते आणि आकड्यांत येते ते ह्यांची इतकी फारकत क्वचित पाहायला मिळते.

सांगली-मिरज रस्त्याची गोष्ट निराळी. तिथे वेग कमी, म्हणून हवेचा खर्च कमी. पण विश्रामबागेपासून पुढे सिग्नल, रिक्षा, शाळा सुटल्याची गर्दी. तिथे पैसे खातो तो ब्रेक. ताशी ४० ने चाललेल्या आपल्या गाडीची गतिज ऊर्जा, अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, सुमारे ११ किलोज्यूल असते. ब्रेक दाबला की तिची ब्रेकमध्ये उष्णता होते आणि पुन्हा वेग घेताना ती पेट्रोलकडूनच घ्यावी लागते. ११ किलोज्यूलमध्ये गाडी त्याच वेगाने सुमारे १८५ मीटर गेली असती. म्हणजे दर वेळी थांबून पुन्हा निघणे हे दोनशे मीटर जादा जाण्यासारखे आहे. पुढचा सिग्नल लाल दिसत असताना जो शेवटपर्यंत पिळत नेतो आणि मग करकचून ब्रेक मारतो, तो ही रक्कम भरतो. जो लांबूनच हात सैल सोडतो, तो त्याच ११ किलोज्यूलमध्ये सिग्नलपर्यंत पोहोचतो. दोघे हिरव्या दिव्याला एकत्रच निघतात. रेल्वे फाटकापाशी इंजिन चालू ठेवून उभे राहणाऱ्याबद्दल काय बोलावे? उभ्या गाडीचे ॲव्हरेज शून्य असते, ते कुठल्याही कंपनीला सुधारता आलेले नाही.

पंक्चरवाल्याकडे हवा तपासण्याचे काम फुकटात किंवा चार-पाच रुपयांत होते, आणि लोक नेमके तेच टाळतात. हवा कमी झाली की टायर जास्त दबतो. समजा त्यामुळे रोध वजनाच्या दीड टक्क्यावरून दोन टक्क्यांवर गेला. २६ चे ३५ न्यूटन झाले, म्हणजे ६० च्या वेगाला एकूण खर्च आठ-नऊ टक्के वाढला. महिन्याला १८०-१९० रुपये. ह्याउलट हेल्मेटचे ओझे नको म्हणणाऱ्यांसाठीही हिशेब करून ठेवला आहे. सव्वा किलोग्रॅमचे हेल्मेट टायरचा रोध ०.१८ न्यूटनने वाढवते. साडेबाराशे किलोमीटरला त्याचे चार रुपये होतात. डोक्याची ह्याहून कमी किंमत कोणी करू नये.

बचतीच्या नावाखाली एक धोक्याची सवय आपल्या घाटांत दिसते, तिच्याबद्दल इथेच बोलतो. यवतेश्वरच्या घाटासारख्या उतारावर काही जण गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात आणि इंजिन बंद करून सोडतात. समजा घाट पाच किलोमीटरचा आहे आणि उंचीतला फरक ३०० मीटर आहे. स्थितिज ऊर्जा सुमारे ५३० किलोज्यूल. ताशी ३० ने उतरताना टायर आणि हवा मिळून त्यांतली २३० खातील. उरलेल्या ३०० किलोज्यूलचे काय? इंजिन गिअरमध्ये असते तर त्यातला बराच भाग त्याने ओढून धरला असता. न्यूट्रलमध्ये तो सगळा ब्रेकवर येतो. एवढ्या उष्णतेत जवळजवळ लिटरभर पाणी उकळीला येते. ब्रेकचे लोखंड दोन किलोग्रॅम धरले आणि वाऱ्याने ते निवले नाही असे मानले, तर त्याचे तापमान तीनशे अंशांहून अधिक चढेल. वारा लागतो म्हणून प्रत्यक्षात एवढे होत नाही, पण तापलेला ब्रेक ऐन वळणावर नीट धरत नाही. आणि वाचले किती? इंधन फवारणाऱ्या नव्या पुष्कळ गाड्यांमध्ये गिअर तसाच ठेवून हात पूर्ण सोडला की यंत्रणा पेट्रोल आपोआप तोडते. म्हणजे इंजिन बंद करून काहीच वाचले नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत वाचले तरी चहाच्या घोटाएवढे.

आता मोठ्या बचतीकडे वळू. ती ह्या सगळ्या युक्त्यांच्या बेरजेपेक्षा मोठी आहे. मागच्या सीटवर ६० किलोग्रॅमचा दुसरा माणूस बसवा. टायरचा रोध सुमारे ९ न्यूटनने वाढेल. हवेचा रोध मात्र फारसा वाढत नाही, कारण तो पुढच्याच्या आडोशाला बसलेला असतो. १०३ चे ११२ झाले. पेट्रोल वाढले नऊ टक्के, माणसे वाढली शंभर टक्के! एकाच गावाहून एकाच कारखान्यात जाणारे दोघे दोन गाड्यांवर गेले तर प्रत्येकाला २२६० रुपये पडतात. डबलसीट गेले तर गाडीला सुमारे २४५० लागतात, म्हणजे प्रत्येकी सव्वाबाराशे. महिन्याला प्रत्येकाचे हजार रुपये वाचतात. कामाच्या वेळा जुळत नाहीत, ही अडचण खरी आहे. पण ज्यांच्या जुळतात तेही दोन गाड्यांवर शेजारी-शेजारी गप्पा मारत जाताना दिसतात, हे मात्र पाहवत नाही. त्यात अपघाताचा धोका आहे तो वेगळाच.

मग मोटार? एकट्या माणसासाठी नऊशे किलोग्रॅमची मोटार काढली तर रोधच दुप्पट होतो, आणि मोठे इंजिन थोड्या कामाला लावल्याने भाड्याचा वाटा वाढतो. म्हणून पेट्रोल साधारण तिप्पट लागते. चौघे बसले तर मात्र चित्र बदलते. आणि एस. टी.? ती लिटरभर डिझेलमध्ये चार ते पाच किलोमीटरच जाते, पण चाळीस माणसे घेऊन. साडेचार गुणिले चाळीस म्हणजे लिटरला १८० माणशी-किलोमीटर. आपली दुचाकी एकट्याला ५८ आणि डबलसीट १०७ पर्यंत पोहोचते. इंधनाच्या शर्यतीत लाल गाडी सहज पुढे आहे. तिकीट आणि पेट्रोल ह्यांची तुलना करताना पुष्कळ लोक आणखी एक गोष्ट सोडून देतात. एस. टी.च्या तिकिटात चालक-वाहकांचा पगार, टायर, दुरुस्ती सगळे असते. दुचाकीच्या हिशेबात आपण फक्त पेट्रोल धरतो आणि ऑइल, चेन, टायर, विमा, कर्जाचा हप्ता वेगळ्या खिशातून देतो. विजेवरच्या दुचाकीचा हिशेब पूर्ण निराळा. तिची मोटर बॅटरीतल्या ऊर्जेपैकी चार पंचमांशांहून अधिक ऊर्जा चाकाला देते. पण ती वीज कुठून आली, कोयनेच्या पाण्यातून की कोळशातून, हे पाहिल्याशिवाय तो हिशेब पुरा होत नाही. त्यासाठी स्वतंत्र लेख लागेल.

हे सर्व कागदावरचे झाले. तुमच्या गाडीचे खरे ॲव्हरेज काढायचे तर टपरीवरच्या पद्धतीने काढू नका. शंभर रुपयांचे पेट्रोल घालून गाडी बंद पडेपर्यंत चालवणे ही मोजणी नव्हे, आणि इंधनाच्या काट्यावर तर मुळीच विसंबू नका. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करून टाकी ठरावीक खुणेपर्यंत भरा आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. तीनशे-साडेतीनशे किलोमीटर झाल्यावर त्याच पंपावर, तशीच उभी करून, त्याच खुणेपर्यंत पुन्हा भरा. जेवढे लिटर आत गेले तेवढे खर्च झाले. खूण गाठताना पन्नास मिलिलिटर इकडे-तिकडे होणारच. एका लिटरच्या मोजणीत ही चूक पाच टक्के होते, सहा लिटरच्या मोजणीत एक टक्क्याहून कमी. थोड्या अंतरात मोजलेले ऐंशीचे ॲव्हरेज पुष्कळदा अशा पन्नास-शंभर मिलिलिटरमध्येच लपलेले असते.

ज्यांच्याकडे फक्त सायकल आहे त्यांना तर आणखी चांगला प्रयोग करता येईल, आणि शिक्षकांनी तो शाळेच्या मैदानावर जरूर करून घ्यावा. मैदानाच्या कडेला एखादा लहान चढ किंवा उतरती फरशी शोधा. तिच्यावर खुणेपासून सायकल पायडल न मारता सोडा. खाली सपाटीवर ती आपोआप थांबेल तिथपर्यंतचे अंतर टेपने मोजा. दर वेळी मुलगा तोच, खूण तीच. मग दोन्ही टायरमधली हवा निम्मी करून हेच पुन्हा करा. नंतर हवा पूर्ववत भरून मुलाला एकदा ताठ आणि एकदा हँडलवर वाकून बसायला सांगा. प्रत्येक प्रकार तीनदा करून सरासरी घ्या. हवेचा फरक ठळक दिसेल. वाकून बसण्याचा फरक ह्या संथ वेगाला फार थोडा असेल, कदाचित मोजणीच्या चुकीत बुडूनही जाईल, आणि तो का बुडाला हे वेगाच्या वर्गावरून मुलांना सांगता आले पाहिजे. वारा असेल त्या दिवशी सायकल दोन्ही दिशांनी सोडून पाहायला विसरू नका.